घरात आणलेले अँथुरियम पुन्हा का फुलत नाही?

मळवली : पावसाळी सहलीहून परतताना जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगतच्या एखाद्या रोपवाटिकेपाशी गाडी थांबते आणि लालभडक, मेण चढवल्यासारख्या चकचकीत फुलांची अँथुरियमची कुंडी घरी येते. दिवाणखान्यातील टीपॉयवर ती मोठ्या हौसेने ठेवली जाते. दीड-दोन महिने फुले टिकतात. मग एकेक फूल हिरवट पडून वाळते आणि नवे काही येत नाही. पाने तेवढी हिरवीगार राहतात, त्यांचे दांडे मात्र खिडकीच्या दिशेने लांबत जातात. घरातील मंडळी आधी पाणी वाढवतात, मग खत घालतात. वर्षभराच्या आत मुळे कुजतात आणि कुंडी जिन्याखाली जाऊन पडते. ‘ही झाडे आपल्याकडे जगतच नाहीत’ असा निष्कर्ष काढला जातो, किंवा सारा दोष रोपवाटिकेच्या माथी मारला जातो.

वास्तविक या झाडाला मळवली, लोणावळा किंवा पुण्याची हवा मानवत नाही असे नाही. बहुतेक वेळा पाणी किंवा खतही कमी पडलेले नसते. कमी पडलेला असतो तो प्रकाश. घरातल्या माणसांना ते कळत नाही, कारण त्यांच्या डोळ्यांना खोली चांगली उजेडाची वाटत असते.

डोळ्यांची फसगत

मळवली स्थानकाच्या एका बाजूला भाजे आणि दुसऱ्या बाजूला कार्ले, अशी दोन लेणी आहेत. कार्ल्याच्या सुमारे १२४ फूट लांबीच्या चैत्यगृहात भर दुपारी शिरणाऱ्याला पहिली काही क्षणे काहीच दिसत नाही. दर्शनी भागातील नालाकृती गवाक्षातून येणारा उजेड आतल्या स्तूपापर्यंत पोचेतो मंदावलेला असतो. परंतु चार-पाच मिनिटांत डोळे सरावतात आणि खांबांवरील शिल्पे स्पष्ट दिसू लागतात. या अवधीत उजेड मुळीच वाढलेला नसतो. डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते आणि दृष्टिपटल अधिक संवेदनशील झालेले असते.

माणसाच्या डोळ्यांना लाभलेली ही सोय झाडाच्या पानांना नाही. पानावर जेवढा प्रकाश पडेल तेवढेच अन्न तयार होते. प्रकाश मोजण्याचे प्रचलित एकक ‘लक्स’ आहे. निरभ्र दिवशी भर दुपारी मोकळ्या अंगणात सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो. थेट ऊन न येणाऱ्या, पण मोठ्या आणि मोकळ्या खिडकीला लागून तो ३ ते ५ हजार लक्सपर्यंत उतरतो. त्याच खोलीच्या मध्यावर, टीपॉयपाशी, १०० ते ३०० लक्स उरतात. वर्तमानपत्र वाचायला तेवढे पुरतात, फूल उमलायला पुरत नाहीत. खिडकीपासून दहा-बारा फूट आत येताना प्रकाश दहापटीहून अधिक घटलेला असतो. डोळे मात्र ‘थोडे मंद आहे’ एवढेच सांगतात.

पाने कमावतात, फूल खर्च करते

पाने प्रकाशाच्या साहाय्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून शर्करा तयार करतात. ही झाडाची कमाई होय. श्वसन, जुन्या पेशींची डागडुजी, मुळांची वाढ हा रोजचा खर्च. कमाई आणि खर्च समसमान झाले की झाड तगते, पण वाढत नाही. त्याहून प्रकाश वाढला की नवी पाने येतात. तीही गरज भागून काही शिल्लक राहिले, तरच फुलावर खर्च होतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही शिकवण झाडे माणसांपेक्षा अधिक कसोशीने पाळतात.

अँथुरियमच्या बाबतीत हा हिशेब अगदी उघड दिसतो. ज्याला आपण फूल म्हणतो ते लाल हृदयाकृती पान वस्तुतः रंगीत छद आहे. खरी फुले मधल्या दांड्यावर बारीक दाण्यांसारखी असतात. पूर्ण वाढलेल्या झाडात प्रत्येक नव्या पानाच्या बेचक्यात एक कळी धरते. प्रकाश पुरेसा असेल तर ‘एक पान, एक फूल’ असा क्रम वर्षभर चालतो. प्रकाश कमी पडला की कळी बेचक्यातच जिरते आणि पान तेवढे बाहेर पडते. म्हणून फुले न देणारे अँथुरियम वरवर निरोगी दिसते.

अशा झाडाला जास्त पाणी देणे घातक ठरते. कमी प्रकाशात पाने कमी काम करतात, त्यामुळे मुळे पाणीही कमी ओढतात. कुंडीतील मिश्रण दिवसेंदिवस ओले राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात. मुळे कुजल्यावर पाने पिवळी पडतात आणि ती पाहून पुन्हा पाणी घातले जाते. घरातील कित्येक कुंड्यांचा शेवट असा होतो. मृत्यू पाण्याने होतो, पण मूळ कारण अंधार असते.

हरितगृहाचा धडा

ही फुले कशी फुलवतात हे पाहायला मावळातील रहिवाशांना दूर जावे लागत नाही. तळेगाव दाभाडे येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने खास फुलशेतीसाठी पार्क उभारला आहे. तेथील आणि पवन मावळातील हरितगृहांतून फेब्रुवारीतील ‘व्हॅलेंटाइन डे’साठी गुलाब परदेशी रवाना होतात. तळेगावच्याच राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थेत हरितगृहातील शेतीचे प्रशिक्षणही दिले जाते.

हरितगृहातील निम्मे काम प्रकाशाभोवती फिरते. गुलाबाच्या काही फांद्या मुद्दाम वाकवून ठेवतात. याला ‘बेंडिंग’ म्हणतात. वाकवलेल्या फांद्यांची पाने प्रकाश गोळा करून अन्न बनवतात आणि त्या बळावर वर येणाऱ्या सरळ दांड्याला मोठे फूल धरते. उन्हाळ्यात प्रकाश आणि तापमान अतोनात वाढले की आत शेडनेट ओढले जाते. पावसाळ्यात प्लॅस्टिकवर शेवाळ आणि धूळ साचली की कागद धुऊन काढावा लागतो, कारण तेवढ्या मळानेही आतला प्रकाश घटतो.

अँथुरियमला सावलीतले झाड म्हणतात. कोलंबिया आणि इक्वेडोरमधील ओलसर जंगलांत ते मोठ्या वृक्षांखाली वाढते. हरितगृहातही त्यासाठी साधारण ७५ टक्के प्रकाश अडवणारी सावली केली जाते. पण ७५ टक्के अडवल्यावर काय उरते, हे महत्त्वाचे. १ लाख लक्समधून २५ हजार लक्स उरतात. व्यापारी लागवडीत साधारण १५ ते २५ हजार लक्सची पातळी राखली जाते. या ‘सावली’ची तुलना दिवाणखान्यातील २०० लक्सशी केली, तर फरक ७५ ते १२५ पटींचा निघतो. रोपवाटिकेतून घरी आलेल्या झाडाचे उत्पन्न एका दिवसात शंभर रुपयांवरून रुपयावर यावे, असाच हा प्रकार आहे. सुरुवातीचे दीड-दोन महिने जी फुले दिसतात ती जुन्या साठवणीवरची असतात.

सह्याद्रीच्या रानातही हेच दिसते. ‘सीतेची वेणी’ या नावाने ओळखली जाणारी आमरी, म्हणजे ऑर्किड, जमिनीवरच्या काळोखात वाढत नाही. ती झाडांच्या खोडांवर आणि फांद्यांवर चढून बसते आणि पानांतून गाळून आलेले ऊन घेते. उष्ण कटिबंधातील जंगलांत सावली म्हणजे विरळ केलेले ऊन. घराच्या कोपऱ्यातली सावली ही निराळीच गोष्ट आहे.

खिडकीची दिशा आणि मावळातील सूर्य

कुंडी कोणत्या खिडकीत ठेवावी, याचे उत्तर परदेशी पुस्तकांतून जसेच्या तसे घेता येत नाही. लंडन किंवा न्यूयॉर्कमध्ये सूर्य वर्षभर दुपारी दक्षिणेलाच असतो. मळवली सुमारे १८.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस असे वर्षातून दोनदा सूर्य भर माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. हेच शून्य सावलीचे दिवस. या दोन तारखांच्या दरम्यान दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला झुकलेला असतो.

याउलट डिसेंबरच्या उत्तरार्धात माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला केवळ ४८ अंश उंचीवर असतो. ७ फूट उंचीपर्यंतच्या दक्षिणमुखी खिडकीतून तेव्हा दुपारी सुमारे ६ फूट आतपर्यंत ऊन येते. २ फुटांचा छज्जा असेल तर ४ फूट. मार्चच्या अखेरीस त्याच छज्ज्यामुळे दुपारचे ऊन उंबऱ्यापाशीच थांबते. थोडक्यात, दक्षिणेची खिडकी हिवाळ्यात उदार आणि उन्हाळ्यात कृपण असते.

पूर्वेची खिडकी बहुतेक फुलझाडांना सर्वांत मानवते. सकाळचे कोवळे ऊन दोन-तीन तास मिळते आणि हवा तापण्यापूर्वी ते सरते. पश्चिमेच्या खिडकीत प्रकाश तेवढाच असला तरी मार्च ते मे या काळात दुपारचे ऊन पाने भाजून काढते. तेथे पातळ पांढरा पडदा हवा. उत्तरेच्या खिडकीला वर्षातील बराच काळ केवळ आकाशाचा उजेड मिळतो. मे-जूनमध्ये सूर्य उत्तरेला सरकतो तेव्हा तिचे दिवस येतात, पण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ढग भरून येतात आणि ती संधीही हुकते.

आपला अंधाराचा हंगाम

युरोपीय पुस्तके हिवाळ्यात झाडे खिडकीजवळ आणण्याचा सल्ला देतात. तेथे हिवाळ्यातला दिवस सात-आठ तासांचा असतो. मावळात सर्वांत लहान दिवसही सुमारे ११ तासांचा असतो आणि आकाश बहुधा निरभ्र असते. येथील अंधाराचा हंगाम हिवाळा नसून पावसाळा आहे. लोणावळा-खंडाळ्याच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर या काळात सूर्यदर्शन दुर्मिळ होते. दाट ढगांच्या दिवशी उघड्या अंगणातही दुपारी १० ते २० हजार लक्सच असतात आणि मुसळधार सरीत त्याहूनही कमी. खिडकीलगत मग ५०० ते १,००० लक्स पोचतात आणि खोलीच्या मध्यावर जेमतेम १००. उन्हाळ्यात ज्या खिडकीत अँथुरियम फुलले, त्याच खिडकीत ते जुलैमध्ये उपाशी राहते.

म्हणून कुंडीची जागा वर्षभरासाठी एकच असू शकत नाही. ती ऋतूप्रमाणे हलवावी लागते. पावसाळ्यात घरातील अँथुरियम बाहेर पडवीत किंवा छत असलेल्या सज्ज्यात आणावे. पावसाचा थेट मारा लागू नये, पण आकाश दिसावे. त्या दिवसांत उन्हाने पाने भाजण्याची भीती नसते आणि हवेतला दमटपणा या झाडाला मानवतो. पाणी मात्र मिश्रणाचा वरचा थर सुकल्यावरच द्यावे. दसऱ्यानंतर ऊन पडू लागले की पडवीतील कुंडी थेट उन्हातून मागे सरकवावी. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १५ अंशांखाली जाऊ लागले की ती पूर्वेच्या किंवा दक्षिणेच्या खिडकीत आत घ्यावी. एप्रिल-मेमध्ये पांढरा पडदा ओढावा.

मळवली, कामशेत, लोणावळा परिसरात मुंबई-पुणेकरांचे अनेक बंगले सोमवार ते शुक्रवार बंद असतात. पडदे ओढलेल्या अशा घरातील झाड आठवड्याचे पाच दिवस जवळपास अंधारात काढते. शनिवारी दिवसभर दिलेल्या उन्हाने ही तूट भरून निघत नाही, उलट अंधाराला सरावलेली पाने अचानक उन्हात भाजतात. निघताना पडदे उघडे ठेवणे हा यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे.

कोणत्या झाडाला किती?

सगळ्याच फुलझाडांची भूक सारखी नसते. पीस लिली सर्वांत काटकसरी. ५०० ते १,००० लक्समध्ये ती चांगली जगते, अधिक प्रकाशात फुलते. मात्र बाजारात ती फुलांसह दिसते, याचे एक कारण म्हणजे उत्पादक तिच्यावर जिबरेलिक आम्ल या संजीवकाची फवारणी करून फुले आणतात. तो परिणाम घरी पुन्हा मिळत नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आफ्रिकन व्हायोलेट आणि फॅलेनॉप्सिस ऑर्किड यांना १० हजार लक्सच्या आसपास, पण थेट दुपारचे ऊन टाळून प्रकाश हवा. फॅलेनॉप्सिसची कळी धरण्यासाठी काही आठवडे थोडा गारवाही लागतो, म्हणून पावसाळ्यानंतरच्या थंडीत त्याचा फुलदांडा निघतो. डेंड्रोबियमला याहून अधिक प्रकाश लागतो, आणि व्हांडाला तर ३० हजार लक्सही जास्त नाहीत. ही दोन्ही गच्चीत शेडनेटखाली शोभतात. अँथुरियमला घरात दिवसातील आठ-दहा तास ५ हजार लक्सच्या आसपास प्रकाश मिळाला, तर अधूनमधून फुलांची अपेक्षा ठेवता येते. जास्वंद आणि मोगऱ्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागते. ही झाडे खोलीत ठेवून फुलांची वाट पाहणे व्यर्थ आहे.

अंधारही मोजून

काही झाडांना उजेडाइतकीच रात्रही मोजून लागते. अमेरिकेतील गार्नर आणि अॅलार्ड या शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखूवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की काही वनस्पती दिवस-रात्रीच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ठरवतात. आपली शेवंती याचे परिचित उदाहरण आहे. रात्र मोठी झाली की ती कळ्या धरते. हरितगृहातील उत्पादक रात्री काही काळ दिवे लावून तिला फुलण्यापासून थोपवतात आणि हवा तेव्हा बहर आणतात. नाताळात लाल होणारे पॉइन्सेटिया आणि कलांचो यांचाही हाच स्वभाव. अशी कुंडी रोज रात्री उशिरापर्यंत दिवे जळणाऱ्या खोलीत असेल, तर ती फुलत नाही. ऑक्टोबरपासून तिला संध्याकाळनंतर अखंड अंधार मिळेल अशा खोलीत ठेवावे. अँथुरियमचे तसे नाही. त्याला दिवसाच्या लांबीशी देणेघेणे नसते, दिवसभरात जमा झालेल्या प्रकाशाशी असते.

दिव्याची सोबत

ज्या सदनिकेत पडवी नाही आणि खिडकीसमोर शेजारची इमारत आहे, तेथे एलईडी दिव्यांचा आधार घेता येतो. त्यासाठी जांभळ्या रंगाचे महागडे दिवेच हवेत असे नाही. साध्या पांढऱ्या एलईडीतही पानांना उपयोगी पडणारा ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश असतो. महत्त्व अंतराला आहे. ९ वॉटचा उघडा दिवा झाडापासून १ फुटावर असेल तर ढोबळमानाने दीड हजार लक्स देतो, २ फुटांवर त्याच्या चौथाई आणि छताला लावला तर ३०-४० लक्स. दिवाणखान्यातला छताचा दिवा झाडाच्या दृष्टीने जवळजवळ नसल्यासारखाच.

२० वॉटच्या दोन एलईडी नळ्या पानांच्या वर १ फुटावर शेजारी-शेजारी लावल्या, तर सुमारे ४ हजार लक्स मिळू शकतात. त्या १२ तास चालल्या की अँथुरियमची रोजची गरज बऱ्याच अंशी भागते. यासाठी दिवसाला अर्ध्या युनिटहून किंचित कमी, म्हणजे महिन्याला साडेचौदा युनिटच्या आसपास वीज लागते. टायमर बसवला तर बंद बंगल्यातही ही व्यवस्था चालते. रात्री दिवे विझायला हवेत.

ओळखायचे कसे?

मोबाइलवरील प्रकाशमापक अ‍ॅपने ढोबळ अंदाज येतो. तोही नको असेल तर पांढऱ्या कागदाची जुनी परीक्षा आहे. दुपारी कुंडीच्या जागी कागद ठेवून १ फूट वर हात धरावा. बोटांची ठळक, रेखीव सावली पडली तर प्रकाश भरपूर आहे आणि पडद्याची गरज आहे. कडा पुसट, पण हाताचा आकार ओळखू येणारी सावली अँथुरियम आणि ऑर्किडला योग्य. सावली दिसलीच नाही, तर ती जागा फुलझाडाची नव्हे. ही परीक्षा एकदा मेमध्ये, एकदा जुलैमध्ये आणि एकदा डिसेंबरमध्ये करावी. एकाच खिडकीची तीन निराळी उत्तरे मिळतील.

पानेही सांगत असतात. गर्द हिरवी पाने, लांबलेले दांडे आणि एका बाजूला कललेले झाड म्हणजे उपासमार. फिकट, पिवळट पाने आणि त्यावर कोरडे तपकिरी चट्टे म्हणजे अतिऊन. जागा बदलताना घाई करू नये. दोन-तीन आठवड्यांत थोडे थोडे पुढे सरकवावे. पानांवरील धूळ ओल्या फडक्याने पुसावी, खिडकीच्या काचा आणि जाळ्या स्वच्छ ठेवाव्यात. तेवढ्याने मिळणारा प्रकाश फुकटचा असतो.

जिन्याखाली ठेवलेल्या कुंडीतील एखादे पान अजून हिरवे असेल आणि खोड कडक असेल, तर ती टाकून देण्याआधी कुजलेली मुळे कापून काढावीत, झाड नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोळसा यांच्या मोकळ्या मिश्रणात लावावे आणि आकाश दिसेल अशा जागी ठेवावे. नवी पाने यायला काही महिने लागतील. त्यांतल्या एखाद्या पानाच्या बेचक्यात टोकदार कळी दिसली, की जागा बरोबर साधली असे समजावे.